जुन्या घराखाली नवा काँक्रीटचा पाया : अकोल्यातील एका कामाचे परीक्षण

घराला तडे गेले की आपल्याकडे आधी गवंडी येतो, तड्यात सिमेंट भरतो, वरून पुट्टी आणि रंग फिरवतो, आणि पुढच्या मे महिन्यात तोच तडा त्याच जागी पुन्हा तोंड उघडतो. अकोला शहरातील आमच्या घरात हे बरीच वर्षे चालले होते. घर तळमजल्यापुरतेच, १९८०च्या दशकात बांधलेले. नऊ इंची विटांच्या भिंती, त्यांवर स्लॅब आणि खाली काळ्या मातीत जेमतेम तीन-साडेतीन फूट उतरलेला दगडी पाया. अखेर बाहेरच्या चारही भिंतींखालचा पाया मुरमापर्यंत खोल नेऊन काँक्रीटमध्ये नव्याने करून घ्यायचे ठरले आणि ते काम नागपूरच्या एका कंत्राटदार संस्थेला दिले. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. माझे मत मात्र आधीच सांगून टाकतो : भिंतीच्या बरोबर खाली या मंडळींनी केलेले काम उत्तम आहे, पण भिंतीच्या भोवती केलेले काम निष्काळजीपणाचे आहे, आणि काळ्या मातीत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

वऱ्हाडातील वाचकांना काळ्या मातीचा स्वभाव नव्याने सांगायला नको, पण बांधकामाच्या दृष्टीने तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात आणि ज्यांत अख्खा हात जातो, तीच हालचाल घराच्या पायाखालीही होत असते. फरक इतकाच की घराच्या मध्यभागी जमीन झाकलेली असल्यामुळे तेथील ओल सहसा उडून जात नाही, तर बाहेरच्या भिंतींखालची माती दर उन्हाळ्यात सुकून खाली बसते आणि पावसाळ्यात पुन्हा वर येते. त्यामुळे घराचा मधला भाग जागच्या जागी राहतो किंवा किंचित वर उचलला जातो आणि कोपरे वर्षातून एकदा खालीवर होतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला तडा हा त्या हालचालीचाच परिणाम असतो. आमच्या ईशान्येकडील खोलीत असा तडा होता. उन्हाळ्यात त्यात एक रुपयाचे नाणे आडवे बसत असे आणि श्रावणात तो जवळजवळ मिटत असे.

संस्थेने काम घेण्याआधी एक स्ट्रक्चरल इंजिनीअर पाठवला, ही त्यांच्या बाजूने पहिली जमेची गोष्ट. आल्या आल्या दर सांगण्याऐवजी त्यांनी तड्यांवर आडव्या काचपट्ट्या सिमेंटने चिकटवल्या, प्रत्येकीजवळ भिंतीवर तारीख लिहिली आणि पावसाळा सरेपर्यंत थांबायला सांगितले. काचपट्टी तडकली तर भिंत हलते आहे, शाबूत राहिली तर तडा जुना आणि निवांत आहे, असा तो साधा हिशेब. दरम्यान त्यांनी न्हाणीघराच्या बाहेरचे ड्रेनेजचे चेंबर पाणी भरून बंद ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पातळी पाहिली. पाणी उतरले होते. म्हणजे ईशान्येच्या कोपऱ्याखाली वर्षभर सांडपाणी मुरत होते आणि बाकीचे घर मात्र ऋतूप्रमाणे कोरडे-ओले होत होते. ज्या घरात केवळ अशी गळती हेच कारण असेल, तेथे पायाला हात लावण्याआधी पाइप बदलून एक वर्ष वाट पाहणे शहाणपणाचे, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. कंत्राट हातचे जाऊ शकत असतानाही असे सांगणारी संस्था मला तरी क्वचितच भेटली आहे.

त्यानंतर मातीची चाचणी झाली. आय.एस. २७२० या भारतीय मानकाच्या ४०व्या भागातील ही फुगवण्याची चाचणी कोणालाही समजेल अशी आहे. सुकवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन काचेच्या मापनळ्यांत टाकतात, एका नळीत केरोसीन आणि दुसरीत शुद्ध पाणी भरतात आणि २४ तास ठेवतात. केरोसीनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतील फरक म्हणजे फुगण्याचे प्रमाण. प्रयोगशाळेच्या टेबलावर त्या दोन नळ्या शेजारी शेजारी पाहिल्या तेव्हा एकीत मातीचा थर १० मिलिलिटरच्या खुणेवर होता आणि दुसरीत १९ च्या. म्हणजे माती ९० टक्के फुगली होती. हे प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे गेले की साध्या उथळ पायावर विसंबू नये, असे समजले जाते.

उपाय म्हणून आमच्यासमोर निरनिराळ्या लोकांकडून निरनिराळे प्रस्ताव आले होते. एकाने तड्यांत इपॉक्सी हे घट्ट होणारे चिकट रसायन भरण्याचे सुचवले होते. त्याने तडा सांधला जातो, पण भिंत हलायची थांबत नाही, आणि मग शेजारी नवा तडा जातो. दुसऱ्याने जुन्या पायाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचा पट्टा बांधून पाया रुंद करायचे सांगितले. जमीन भार पेलण्यात कमी पडत असेल तर त्याचा उपयोग होतो; पण तीन-साडेतीन फुटांवर माती दरवर्षी खालीवर होत असेल, तर रुंद केलेला पायाही तिच्याबरोबर खालीवर होणार. नवे घर बांधायचे असते तर अंडर-रीम्ड पाइल हा काळ्या मातीतला ठरलेला मार्ग आहे. तळाशी कांद्यासारखा फुगीर गोळा असलेले हे काँक्रीटचे खांब रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने आपल्याकडे रूढ केले आणि त्यांचे नियम आय.एस. २९११च्या तिसऱ्या भागात आहेत. खोल काळ्या मातीत ते किमान ३.५ मीटर उतरवावेत असे त्यात म्हटले आहे, कारण ऋतूबरोबर ओल बदलते ती साधारण तेवढ्या खोलीपर्यंत. उभ्या घराखाली मात्र पाइल घ्यायचे तर भिंतीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे भोके घ्यावी लागतात आणि भिंत आरपार फोडून त्यांवर आडव्या तुळया टाकाव्या लागतात.

आमच्या प्लॉटवर खड्डा घेऊन पाहिल्यावर सुमारे दहा फुटांवर पिवळसर, घट्ट मुरूम लागला. त्यामुळे इंजिनीअरने पाइलचा नाद सोडला आणि टप्प्याटप्प्याने अंडरपिनिंग करण्याचे ठरवले, म्हणजे जुन्या पायाखाली एकेक खड्डा घेऊन तो मुरमापर्यंत नेणे आणि तेथून वर काँक्रीटची भिंत आणून जुन्या दगडांना टेकवणे. मुरूम याहून खोल असता तर हा निर्णय चुकीचा ठरला असता, असे त्यांनी लेखी दिले आहे. पूर्णा खोऱ्यातील ज्या गावांत काळ्या मातीचा थर याहून कितीतरी जाड आहे, तेथील वाचकांनी आमच्या घरावरून अंदाज बांधू नये.

काम दिवाळीनंतर सुरू झाले आणि होळीच्या आधी उरकले. ही वेळ संस्थेनेच निवडली होती आणि ती बरोबर होती : पावसाची ओल उतरलेली असते, उन्हाळ्याच्या भेगा अजून पडलेल्या नसतात आणि काँक्रीटला अकोल्याचा मे महिना सोसावा लागत नाही. चारही भिंतींवर खडूने साधारण एकेक मीटरचे भाग आखून त्यांना क्रमांक दिले गेले. एका वेळी जे भाग उघडायचे ते एकमेकांपासून दूरचे. शेजारचे दोन भाग एकाच वेळी कधीही उघडायचे नाहीत, आणि एका भागाचे काँक्रीट भरून, वरची फट बंद होऊन घट्ट झाल्याशिवाय त्याच्या बाजूला कुदळ लावायची नाही. आम्ही त्या काळात घरातच राहत होतो. खाली पोकळी असलेल्या भिंतीच्या पलीकडे जेवायला बसताना पहिले काही दिवस घास घशाखाली उतरत नव्हता. पण जोत्यावर केलेल्या खुणा रोज सकाळी लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, तपासल्या जात आणि त्या दोन-तीन मिलिमीटरपलीकडे कधी सरकल्या नाहीत.

दगडी पायाखाली हे काम करण्यात एक अडचण असते, जी विटांच्या किंवा काँक्रीटच्या पायात सहसा येत नाही. जुने दगड अनघड, त्यांच्यामधला चुना-सिमेंटचा मसाला जागोजाग भुसभुशीत झालेला. खालची माती काढली की तळचे दगड एकेक करून निखळून पडू लागतात. ईशान्येच्या पहिल्याच खड्ड्यात असे झाले. तेव्हा मिस्त्रींनी काम थांबवले, बाजूने भोके घेऊन जुन्या पायात ग्राउट, म्हणजे पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट, दाबून भरले, ते घट्ट झाल्यावरच पुढे गेले, आणि उरलेल्या सर्व भागांत आधी ग्राउट आणि मग खोदाई असा क्रम ठेवला. या वाढीव ग्राउटचे वेगळे बिल लावले गेले, पण ते योग्यच होते असे मी मानतो.

काँक्रीट एम-२० दर्जाचे होते; यातला २० हा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो. आमच्या गल्लीत रेडी-मिक्सची गाडी शिरत नाही, म्हणून मिक्सर दारात लावावा लागला, आणि मिक्सर दारात आला की पाण्याचा प्रश्न येतोच. अकोला जिल्ह्याचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात आहे आणि आमच्या परिसरातील बोअरचे पाणी चवीलाच मचूळ लागते. आय.एस. ४५६ प्रमाणे लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड दर लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. सळई नसेल तर २००० पर्यंत चालते. आमच्या कामात शेजारशेजारचे भाग सळयांनी एकमेकांत अडकवायचे होते, त्यामुळे ५०० ची मर्यादा लागू होती. बोअरचे पाणी तपासले तर ते या मर्यादेच्या बरेच पुढे गेले, म्हणून काँक्रीटसाठी नळाचे पाणी साठवून वापरले आणि तराईला, म्हणजे भरलेले काँक्रीट ओले ठेवायलाही, तेच. पाणी तपासून घेण्याची सूचना आमची नव्हती, संस्थेच्या साइट इंजिनीअरची होती. स्थानिक ठेकेदारांपैकी एकानेही ती केली नव्हती.

पाणी किती घालायचे यावर मात्र आम्हालाच डोळ्यांत तेल घालून बसावे लागले. प्रमाण ठरवून मिसळलेल्या एम-२० साठी मानकात ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटर पाणी सांगितले आहे. मजुरांना ते काँक्रीट घमेल्यातून खड्ड्यात सोडताना जड वाटते आणि इंजिनीअरची पाठ फिरली की मिक्सरमध्ये आणखी एक बादली जाते. ती एक बादली खड्ड्यात पसरायला सोय करते आणि काँक्रीटचा कस घालवते. ताकद तपासण्यासाठी त्याच काँक्रीटचे ठोकळे ओतून ठेवतात; सुरुवातीच्या भागांच्या ठोकळ्यांची सात दिवसांची चाचणी कमी आली तेव्हा हे उघड झाले. २८ दिवसांच्या चाचणीत ते ठोकळे कसेबसे पास झाले. त्यानंतर पाण्याच्या बादलीवर खूण करून दिली आणि काँक्रीट हलवून दाटून बसवणारा व्हायब्रेटर कायमचा साइटवर ठेवला. पुढचे सर्व ठोकळे पास झाले.

आता या सेवेतील सर्वांत सरस भागाविषयी. नवे काँक्रीट जुन्या दगडांपर्यंत थेट भरता येत नाही, कारण काँक्रीट वाळताना थोडे आकसते आणि वरच्या बाजूला केसाएवढी का होईना, पण फट राहते. तेवढ्या फटीतून भिंत खाली बसते. म्हणून काँक्रीट जुन्या पायाच्या तीन इंच खाली थांबवतात, ते घट्ट होऊ देतात आणि मग ती तीन इंचांची जागा एकास तीन प्रमाणाच्या कोरड्या मसाल्याने ठासून भरतात. मसाला इतका कोरडा हवा की मुठीत आवळल्यावर त्याचा गोळा झाला पाहिजे, पण तळहाताला पाणी लागता कामा नये. या संस्थेचे मिस्त्री, साठीकडे झुकलेले, यवतमाळकडचे गृहस्थ, हे काम कोणाला करू देत नसत. मागच्या बाजूला फळी लावून ते पुढून मसाला भरत आणि लाकडी ठोकळ्यावर हातोडा मारत तो आत आत दाबत जात. मसाला मागच्या फळीपाशी पोहोचल्यावर हातोड्याचा आवाज बदलतो, तो त्यांना उमगत असे. एका भागापाशी त्यांनी मला खाली उतरवले आणि हातोडा हातात दिला. “इथं ठोकून पाहा, भाऊ, आवाज भरीव येते,” ते म्हणाले, आणि हातभर पुढे सरकून दुसरी जागा दाखवली : “अन् इथं बोदा.” ती बोदी जागा त्यांनी त्याच संध्याकाळी फोडून पुन्हा भरली. ड्रॉइंगमध्ये या तीन इंचांची एक रेघ असते. घर वाचते की नाही ते बरेचसे या रेघेवर ठरते, आणि ही रेघ या संस्थेने मनापासून भरली.

तक्रारींकडे वळतो. पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार मजुरांच्या सुरक्षिततेची. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या बाजूंना फळ्या आणि आडवे धिरे लावल्याशिवाय माणूस खाली उतरवू नये, असे खोदाईच्या सुरक्षेचे मानक सांगते, आणि काळी माती कोरडी असताना ताठ उभी राहून मग एकाएकी कड सोडते, हे येथील प्रत्येक विहीर खोदणाऱ्याला ठाऊक आहे. तरीही काम मागे पडू लागले तशी काही खड्ड्यांत फळ्या न लावताच माणसे उतरवली गेली. आम्ही काम बंद पाडले तेव्हा फळ्या आल्या. हे घरमालकाने पाहायचे काम नाही. कंत्राटात त्याचे पैसे लावलेले होते.

दुसरी तक्रार भरावाची. काँक्रीट झाल्यावर उरलेला खड्डा मुरमाने, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि धुम्मसने कुटून भरायचा असे करारात होते, कारण फुगणारी माती नव्या काँक्रीटला बाजूने दाबते आणि पोकळ भराव पावसाचे पाणी थेट पायाशी नेतो. या विषयावर आपल्याच मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठे काम केले आहे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा दाबलेला थर दिला तर खालची हालचाल आटोक्यात राहते, हे त्यांनी दाखवले आणि कालव्यांच्या अस्तरीकरणात ते तंत्र वापरले गेले. इतकी माहिती आपल्याकडेच उपलब्ध असताना संस्थेच्या माणसांनी उत्तरेच्या बाजूला खोदलेली काळी मातीच परत ढकलली आणि वरून पायाने तुडवली. ती काढून मुरूम भरून घेताना मुकादमाशी झालेला वाद येथे लिहिण्यासारखा नाही.

तिसरी गोष्ट त्यांनी आधी सांगायला हवी होती आणि सांगितली नाही. अंडरपिनिंगमुळे भिंती स्थिर होतात, फरशी नाही. फरशी जोत्यातल्या भरावावर आणि त्याखालच्या मातीवर असते, तिला नव्या पायाचा आधार मिळत नाही. पहिल्या पावसाळ्यात भिंती जागच्या जागी राहिल्या आणि मधल्या खोलीतील फरशा भिंतीच्या कडेने किंचित उचलल्या गेल्या. पूर्वी दोन्ही एकत्र हलत असल्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसत नव्हता. तसेच, स्वयंपाकघराची आतली आडभिंत या कामात धरलेली नव्हती, आणि बाहेरच्या भिंतीशी तिचा जो सांधा आहे तेथील काचपट्टी तडकली. एवढ्या पैशांत वर एक मजला चढला असता, असे शेजारचे काका म्हणतात. मजला चढवायच्या आधी हेच करावे लागले असते, हे त्यांना अजून पटलेले नाही.

खर्चाचा आकडा देण्यात अर्थ नाही, कारण मुरूम किती खोल आहे त्यावर तो अवलंबून आहे. दर भिंतीच्या रनिंग फुटावर होता, पण एका ठरावीक खोलीपर्यंतच; पुढच्या प्रत्येक फुटाला वेगळा दर. आमच्याकडे साहित्यापेक्षा मजुरीचा वाटा बराच मोठा निघाला, आणि या पद्धतीत तसाच निघणार, कारण सगळी खोदाई हाताने होते. दहा वर्षांची हमी मिळाली आहे. मात्र ड्रेनेजची गळती आणि घराभोवतालची झाडे यांमुळे झालेले नुकसान तीत धरलेले नाही. ही अट मला अन्यायाची वाटत नाही. घराभोवती चार फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला काँक्रीटचा पट्टा मात्र त्यांच्या मूळ अंदाजपत्रकात नव्हता. तो आम्ही दुसऱ्याकडून करून घेतला आणि चेंबर व पाइपही बदलले. काळ्या मातीत या पट्ट्याशिवाय अंडरपिनिंगचे अंदाजपत्रक देणे म्हणजे अर्धेच काम सांगणे.

त्यानंतर एक पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा गेला आहे. बाहेरच्या भिंतींवर नव्याने लावलेल्या सर्व काचपट्ट्या शाबूत आहेत आणि ईशान्येचा तडा बुजवल्यापासून उघडलेला नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर निदान आणि भिंतीखालच्या कामाला पाच, भराव आणि साइटवरच्या शिस्तीला दोन. मी ही संस्था पुन्हा बोलावीन. पण भरावाचा मुरूम आधी साइटवर येऊन पडल्याशिवाय खोदाई सुरू होऊ देणार नाही, फळ्यांशिवाय माणूस खड्ड्यात उतरला तर त्या दिवसाचे काम मोजले जाणार नाही असे करारात लिहून घेईन, आणि बिलाचा दहावा हिस्सा पुढचा मे महिना संपेपर्यंत हातात ठेवीन. आमच्या करारात तो पावसाळ्यापर्यंतच ठेवलेला होता, आणि बाहेरच्या भिंतींचा खरा कस तर उन्हाळ्यात लागतो.